चित्रं कुणाची?

(वसंत व्याख्यानमालेतील स्मृतिव्याख्यान. ध्वनिमुद्रणावरून केलेलं शब्दांकन वक्त्यानं तपासून दिलं आहे.)



काल याच व्यासपीठावर पाणीवाटपावर व्याख्यान झालं, उद्या संतसाहित्यावर आहे. मधल्या दिवशी मी आलोय, कॉमिक्स घेऊन. चिटणीसांनी फोनवर विषय विचारला. मी सांगितला, तर पलीकडे बराच वेळ काही आवाजच नाही. मग ते हळूच म्हणाले, "मग सकाळचं ठेवू या का? मुलांना सोयीचं पडेल." मी म्हटलं, नको, संध्याकाळचंच असू दे. मुलांना या विषयातलं सगळं माहीत असतं. अज्ञान आपल्या वयाच्या मंडळींचं आहे.

ज्यांच्या स्मरणार्थ हे पुष्प गुंफलं जातं ते आमचे चित्रकलेचे शिक्षक. पत्रिकेवर त्यांचं पूर्ण नाव छापलंय, पण मी त्यांना आयुष्यभर 'सर' म्हणत आलो, आजही तेच म्हणणार. सातवीत असताना ऑफ तासाला मी बाकाखाली अमर चित्रकथेचा 'कृष्ण' वाचत बसलो होतो. सर मागून कधी आले कळलंच नाही. पुस्तक हातातून गेलं. आता पट्टी बसणार म्हणून मी हात पुढे केला, तर सर पानं चाळत उभे. मग विचारलं, "चित्रं कुणाची?"

मी म्हटलं, "कृष्णाची, सर."

"कृष्णानं काढली?"

वर्ग हसला. पुस्तक दुसऱ्या दिवशी परत मिळालं, पण प्रश्न सरांनी परत घेतला नाही. पुढे दोन वर्षं ते मला अधूनमधून दोन अंक शेजारी ठेवायला लावायचे आणि विचारायचे, हात एक आहे की दोन? नाव झाकून सांग. नाकाची रेघ बघ, बोटं बघ, धोतराची चुणी बघ. झाडं बघू नकोस, झाडं सगळे सारखीच काढतात. आज मी माझ्या आवडत्या कॉमिक्सकारांबद्दल बोलणार आहे, पण बोलणार सरांच्या त्या प्रश्नाच्या आधारानं. आपल्याला सुपरमॅन माहीत असतो, बॅटमॅन माहीत असतो, सुपंडी तर घरातला असतो. चित्रं कुणाची म्हटलं की आपण सगळे सातवीतल्या बाकावर.

सुरुवात एका चेकपासून करतो. अमेरिकेत क्लीव्हलँडला जेरी सीगल आणि ज्यो शुस्टर अशी दोन पोरं होती. एक लिहायचा, दुसरा काढायचा. त्यांचा एक नायक प्रकाशकांकडून वर्षानुवर्षं साभार परत येत होता. अखेर 1938 साली एका प्रकाशकानं तो घेतला आणि जूनच्या 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात छापला. किंमत दहा सेंट. तोच सुपरमॅन. तेरा पानांचे 130 डॉलर दोघांना मिळाले आणि त्याबरोबर सुपरमॅनचे सगळे हक्क प्रकाशकाकडे गेले. चेक 412 डॉलरचा होता, त्यात इतर कामाचेही पैसे होते. त्या चेकवर दोघांच्याही नावांचं स्पेलिंग चुकलेलं. म्हणून मागच्या बाजूला दोघांनी दोन-दोन सह्या केल्या, एक चुकीच्या नावाची आणि एक स्वतःच्या. बँकेचा कारकून जगात सगळीकडे सारखाच, हे मला तिथं कळलं.

पुढची जवळजवळ चाळीस वर्षं हे दोघं कोर्टात आणि कर्जात. शुस्टरची नजर गेली, सीगल कॅलिफोर्नियात कारकुनी करत होता. सुपरमॅनवर मोठा सिनेमा निघतोय अशी बातमी आली तेव्हा सीगलनं वर्तमानपत्रांना संतापून पत्रं लिहिली. नील ॲडम्स आणि जेरी रॉबिन्सन हे दोन चित्रकार त्यांच्यासाठी उभे राहिले. 1975 साली कंपनीनं दोघांना वर्षाला वीस-वीस हजार डॉलर कबूल केले आणि सुपरमॅनच्या पहिल्या पानावर त्यांची नावं परत आली. पैशांपेक्षा त्यांना नावाचं अप्रूप होतं असं मी म्हणणार नाही, उपाशी माणसाला दोन्ही लागतं. 2012 मध्ये तो जुना चेक लिलावात गेला, एक लाख साठ हजार डॉलरला. कागदाला मिळालेली ही किंमत बघायला दोघंही नव्हते.

बॅटमॅनची गोष्ट याहून वाईट आहे. तिथं फसवणारा प्रकाशक नव्हता, मित्र होता. 1939 मध्ये बॉब केननं वटवाघळासारख्या नायकाचं एक चित्र काढलं. लाल कपडे, डोळ्यांपुरता छोटा मुखवटा, पाठीला ताठ पंख. ते त्यानं बिल फिंगर नावाच्या आपल्या लेखक मित्राला दाखवलं. फिंगरनं शब्दकोश उघडला, त्यातलं वटवाघळाचं चित्र पुढे केलं, म्हणाला कान बघ. पंखांऐवजी झालर कापलेला झगा दे, लाल काढ, राखाडी आण, तोंड अर्धं झाक. ब्रूस वेन हे नाव त्याचं. गॉथम हे शहराचं नावही त्याचंच, टेलिफोनच्या पुस्तकात एका जवाहिऱ्याचं दुकान दिसलं त्यावरून. पहिल्या गोष्टीपासून लिहिणारा तो. करारात मात्र केननं एकट्याचं नाव लावून घेतलं होतं, आणि पंचाहत्तर वर्षं तेच छापून येत राहिलं. फिंगर 1974 च्या जानेवारीत गेला, हाताशी काही नसताना. केननं पुढे आत्मचरित्रात हळहळ व्यक्त केली. माझ्या मते ती हळहळ उशिरा आणि स्वस्तात झाली. मार्क टायलर नोबलमन या लेखकानं चिकाटीनं शोध घेतला, फिंगरची नात सापडली, आणि 2015 साली बॅटमॅनवर 'बॉब केन, बिल फिंगरसह' असं यायला लागलं. त्या शोधात आणखी एक गोष्ट निघाली. फिंगर बेवारशी पुरला गेला अशी समजूत होती. प्रत्यक्षात मुलानं त्याची रक्षा ओरेगनच्या समुद्रकिनाऱ्यावर नेली होती आणि वाळूवर वटवाघळाच्या आकारात पसरली होती. लाट आली आणि घेऊन गेली.

इथं थोडं पाणी पितो. विषय जड होतोय, आणि कॉमिक्स ही मुळात मजेची गोष्ट आहे.

मजा म्हटली की माझ्यासाठी कार्ल बार्क्स. नाव ऐकलंय का कुणी? हात वर करा. चार. आता अंकल स्क्रूज कुणाकुणाला माहीत आहे? बघा. रविवारी दूरदर्शनवर 'डकटेल्स' लागायचं, आपली एक अख्खी पिढी त्यावर वाढली. पैशांच्या कोठारात सूर मारणारा तो चिकट म्हातारा बदक वॉल्ट डिस्नेनं काढला असं आपण धरून चालतो. तो काढला बार्क्सनं, 1947 च्या डिसेंबरातल्या एका नाताळच्या गोष्टीत. बार्क्स आधी डिस्नेच्या स्टुडिओत होता. 1942 मध्ये बाहेर पडला आणि गावाकडे राहून प्रकाशकाला डोनल्ड डकच्या गोष्टी लिहून, काढून पाठवायला लागला. महिन्याला दहा पानं, वर मोठ्या साहसकथा. बदकं इंका लोकांच्या डोंगरात जायची, ध्रुवावर जायची. बार्क्स मात्र नॅशनल जिओग्राफिकचे अंक पसरून घरीच. अमेरिकेबाहेर तो पहिल्यांदा पडला तेव्हा नव्वदी ओलांडली होती.

त्याच्या कुठल्याही पानावर त्याचं नाव नव्हतं. सही असायची 'वॉल्ट डिस्ने'. बदकं बरेच जण काढायचे आणि सगळ्यांची सही तीच. पण पोरांना फसवता येत नाही, आणि आज मी इथं आलो तो मुख्यतः हे सांगायला. पोरं अंक उघडायची आणि दुसऱ्या पानाला सांगायची, हा 'चांगल्यावाला' आहे. नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, पण हात ओळखलेला. चोचीचा कोन, रागावलेल्या बदकाच्या पायांची फेंगडी ठेवण, मागच्या भिंतीवर उगाच टांगलेली एखादी विनोदी तसबीर. कॅलिफोर्नियातल्या स्पायसर बंधूंनी 1960 मध्ये कंपनीकडून नाव मिळवलं आणि बार्क्सला पत्र लिहिलं. बार्क्सला वाटलं, कुणी मित्र चेष्टा करतोय. साठीच्या घरातला माणूस, हजारो पानं काढलेला, आणि चाहता असू शकतो हेच त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. सरांनी मला शिकवलेला खेळ ती अमेरिकेतली पोरं कुणी न शिकवता खेळत होती. हे वाचलं तेव्हा सर हयात होते. मी फोन केला. ते म्हणाले, "बदकाचे पाय बघितले म्हणजे पोरं हुशार."

हात ओळखणं सोपं, शब्द ओळखणं अवघड. कॉमिक्समध्ये लेखक असतो कुठं? फुग्यातले संवाद तेवढे त्याचे, असं सगळे धरतात. फ्रान्समध्ये रेने गोसिनीला हा अपमान सहन होत नव्हता. लेखकाला चित्रकारानं आपल्या पैशांतून काहीतरी द्यायचं अशी तिथं पद्धत होती. 1956 मध्ये लेखक-चित्रकारांचे हक्क मांडणारा एक मसुदा तयार झाला, तर गोसिनीला कामावरून काढलं. चित्रकार अल्बेर युदेर्झो आणि लेखक शार्लिए त्याच्याबरोबर बाहेर पडले. या भांडणाचं आपण ऋणी असायला हवं, कारण त्यातूनच तीन वर्षांनी 'पिलोत' साप्ताहिक उभं राहिलं. त्यासाठी काही तरी फ्रेंच हवं म्हणून गोसिनी आणि युदेर्झो हे दोघं युदेर्झोच्या घराच्या बाल्कनीत बसले, आणि दोनेक तासांत अ‍ॅस्टरिक्स उभा राहिला. युदेर्झोला धिप्पाड नायक हवा होता, गोसिनीला बुटका आणि डोकेबाज. गोसिनी लेखक, त्याचं ऐकलं गेलं. युदेर्झोनं धिप्पाडही शेजारी काढून ठेवला, तो ऑबेलिक्स. जोडीनं काम करणारे दोघं भांडण कसं मिटवतात ते शिकायचं तर इथून शिका. दोघांचं म्हणणं पानावर ठेवायचं.

5 नोव्हेंबर 1977 ला गोसिनी गेला. हृदयाची तपासणी करताना डॉक्टरसमोरच, वय 51. 'अ‍ॅस्टरिक्स बेल्जियममध्ये' या अल्बमची चित्रं तेव्हा अर्धवट होती. युदेर्झोनं ती पुरी केली, पण मित्राच्या मृत्यूनंतर काढलेल्या पानांवर आभाळ भरून आलेलं आहे आणि पाऊस पडतोय. गोष्टीत पावसाचं काही काम नाही. फुग्यात त्याबद्दल शब्द नाही. अल्बम हातात आला तर तो पाऊस कुठं सुरू होतो ते शोधा. पुढे युदेर्झो एकटाच लिहायला लागला आणि त्या गोष्टी पडल्या. चित्रं तीच, हात तोच, तरी हसू येत नाही. फुग्यांपलीकडे लेखक किती होता त्याचा हिशेब तेव्हा लागला.

टिनटिनवाल्या एर्जेबद्दल मात्र माझं मन दुभंगलेलं आहे. सुरेख, स्वच्छ रेषेचा माणूस. स्वतःच्याच नावाची आद्याक्षरं उलटी करून त्यानं टोपणनाव घेतलं. चँग चाँगरेन हा चिनी विद्यार्थी भेटला म्हणून 'ब्लू लोटस' नुसत्या ऐकीव चीनमध्ये घडली नाही. त्यातल्या रस्त्यांवरच्या चिनी पाट्या चँगच्या अक्षरातल्या आहेत, आणि युरोपातल्या वाचकांना वाचता येत नसल्या तरी त्यांतल्या काही साम्राज्यवादाविरुद्धच्या घोषणा आहेत. एर्जेनं ही मैत्री मनापासून जपली. पण एडगर जेकब्ज हा तितकाच समर्थ चित्रकार त्याच्या हाताखाली वर्षानुवर्षं रंग भरत होता, पार्श्वभूमी काढत होता. त्यानं मुखपृष्ठावर नाव मागितलं, एर्जेनं दिलं नाही. जेकब्ज निघून गेला. नंतर 'सिगार्स ऑफ द फेरो'ची रंगीत आवृत्ती आली, तिच्यात थडग्यात उभ्या केलेल्या ममींच्या ओळीत एका ममीखाली नाव आहे, ई. पी. जेकोबिनी. मुखपृष्ठावर लेखक म्हणून जागा नाही, थडग्यात ममी म्हणून आहे. विनोद म्हणून मला तो आवडतो, मित्राचा विनोद म्हणून आवडत नाही.

जॅक कर्बी आणि स्टॅन ली यांच्या वादात वेळ घालवत नाही. एवढंच सांगतो की ली कथेची नुसती कल्पना द्यायचा, कर्बी वीस पानं काढून आणायचा आणि मग ली फुगे भरायचा. 1966 मध्ये 'फँटास्टिक फोर'ची पानं आली तेव्हा एका फळीवर उभा राहून अवकाशात उडणारा चंदेरी माणूस बघून लीनं विचारलं होतं, हा कोण? तो सिल्व्हर सर्फर, कर्बीनं स्वतःहून घातलेला. मग लेखक कोण? तरी लीचं एक श्रेय मान्य करायला हवं. शाई करणारा, अक्षरं लिहिणारा, सगळ्यांची नावं पहिल्या पानावर टोपणनावांसकट छापायची सवय त्यानं लावली. ज्याला नाव वाटता येतं त्याच्याच नावावर सगळं जमा होतं, हीही त्यातली गंमत.

आता घरी येतो.

इंद्रजाल कॉमिक्स 1964 च्या मार्चमध्ये सुरू झाली. मराठीतही निघायची, वेताळ आपल्याकडे तिथूनच आला. ली फॉकनं वेताळ 1936 मध्ये लिहायला घेतला, पण मूळ मालिका वर्तमानपत्रातल्या पट्ट्यांची होती. आपल्या अंकाच्या पानात बसवायला चौकटी कापल्या जायच्या, जुळवल्या जायच्या. म्हणजे आपण वाचलेल्या वेताळाला आणखी एक निनावी हात लागलेला होता, कात्रीवाल्याचा. भारतातला पहिला दमदार नायक 'बहादूर'ही तिथलाच. लिहिणारे आबिद सुरती, चित्रं गोविंद ब्राह्मणिया यांची. मुंबईकरांना सुरती दुसऱ्या कारणानं ठाऊक असतील. मीरा रोडला दर रविवारी प्लंबर घेऊन लोकांचे गळके नळ फुकट दुरुस्त करत फिरणारे गृहस्थ ते हेच.

अमर चित्रकथेचं नाव घेतलं की अनंत पै. 1967 साली त्यांनी ती उभी केली. दूरदर्शनवरच्या प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक देवतांची उत्तरं येत होती आणि रामाची आई कोण ते येत नव्हतं, ही त्यांची कथा सर्वांना पाठ आहे. त्यांचं काम मोठं आहे आणि त्यांना 'अंकल पै' म्हणणारी लाखो मुलं होती, त्यात मी होतो. पण माझ्या हातातला तो 'कृष्ण' काढला होता राम वाईरकरांनी. माझ्या पिढीच्या मनातला यशोदेचा चेहरा, कंसाच्या भुवया, गोकुळातल्या गाईंची शिंगं ही वाईरकरांची. प्रताप मुळीकांनी शिवाजी काढला, आणि त्यांनीच पुढे हिंदीतला 'नागराज' उभा केला. एकाच ब्रशातून रायगड आणि मनगटातून निघणारे साप! महाभारताची बेचाळीस अंकांची मालिका 1985 पासून निघाली, तिची बहुतेक सगळी चित्रं दिलीप कदमांची. रथाची चाकं, घोडे, कवचं, हत्ती, आणि प्रत्येक चौकटीत सैन्य. एक अक्षौहिणी सेना मोजायला गणित लागतं, ती काढायला मनगट लागतं.

या पुस्तकांत असुर काळे आणि देव गोरे का, हा प्रश्न अभ्यासकांनी विचारला आहे आणि तो रास्त आहे. चित्रकाराचा हात रवी वर्म्याच्या छापील चित्रांवर घडला होता, संपादकाला तेच हवं होतं. कौतुक करताना ते विसरू नये एवढंच.

'टिंकल' 1980 च्या नोव्हेंबरात आलं. सुपंडीची पहिली गोष्ट 1983 ची, तिरुचिरापल्लीच्या एका वाचकानं पाठवलेल्या लोककथांवरून. सुपंडीला चेहरा दिला तो पुन्हा वाईरकरांनी. निमुळतं डोकं, वर चार केसांचा तुरा, आणि मूर्खपणा करतानाही चेहऱ्यावर पूर्ण समाधान. कृष्ण काढणाऱ्या हातानं सुपंडी काढला हे मला कळलं तेव्हा मी पंचविशीत होतो. दोन्ही अंक काढून शेजारी ठेवले. बोटं बघितली. हात एक! सरांना पोस्टकार्ड टाकलं. त्यांचं उत्तर आलं एका ओळीचं, "आता झाडं बघ."

शिकारी शंभू लिहिला लुईस फर्नांडिस यांनी आणि काढला वसंत हळबे यांनी. डोळ्यांवर टोपी ओढलेला भित्रा शिकारी. नव्वदच्या दशकाच्या शेवटाला तो साविओ मस्कारेन्हास यांच्याकडे गेला. मला वाटलं होतं मुलांच्या लक्षात येणार नाही. माझ्या भाचीनं आपण होऊन विचारलं, "मामा, शंभू आजारी होता का? वेगळा दिसतोय." कालिया कावळ्याची चित्रं प्रदीप साठे यांची. वाईरकर, हळबे, साठे, मुळीक, कदम. नावं ऐकताना तुम्हाला आपल्याच वाड्यातली हजेरी घेतल्यासारखं वाटलं असेल. देशभरातली मुलं इंग्रजीत जी चित्रं बघत मोठी झाली, त्यांतली पुष्कळशी या माणसांच्या हातची. मराठी चित्रकलेच्या गौरवात आपण बेंद्रे, हळदणकर, आलमेलकर मोजतो. ही नावं तिथं येत नाहीत, कारण रद्दीच्या भावानं गेलेल्या कागदावरची चित्रं चित्रकला धरत नाहीत.

राम वाईरकर 2003 मध्ये गेले. मुलगा संजीव वाईरकर चित्रकथाच काढत राहिला, आणि मुलगी अर्चना आंबेरकर हिनं सुपंडी पुढे चालवला. म्हणजे निदान त्या घरात तरी 'चित्रं कुणाची' हा प्रश्न कुणाला पडला नसेल.

वेळ संपत आलाय, चिटणीस घड्याळाकडे बघतायत. एक विनंती करून थांबतो. तुमच्या माळ्यावर, ट्रंकेत, आजोळच्या फडताळात जुने मराठी अंक असतील. इंद्रजाल असतील, अमर चित्रकथा असतील, बंद पडलेल्या कुठल्या कुठल्या मासिकांच्या पुरवण्या असतील, ज्यांची नावंही आता कुणाला आठवत नाहीत. दिवाळीच्या आवराआवरीत ते देऊन टाकण्याआधी उघडा. आतलं पान बघा, मुखपृष्ठाच्या उजव्या कोपऱ्यात खाली बघा, एखाद्या चौकटीतल्या दगडावर बघा. चित्रकार तिथं बारीक सही लपवून ठेवतात. आपल्या वाचनालयानं एक वही केली आहे. अंकाचं नाव, साल, लेखक, चित्रकार, आणि सही कुठं सापडली, असे पाच रकाने आहेत. चित्रकाराचं नाव सापडलं नाही तर रकाना कोरा सोडा, पण अंकाची नोंद करा. दुसरा कुणी हात ओळखेल. वही तळमजल्यावर वर्तमानपत्रांच्या टेबलाशेजारी ठेवली आहे, सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ. पहिली नोंद 'कृष्ण'ची आहे, ती मी आज येताना करून आलो.